धर्मगुरू घडवायचे कुणी? जर्मन सेमिनरी, विद्यापीठ आणि शासन



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली होती. त्यात एवढंच लिहिलं होतं: "सर, कॅथलिक फादर व्हायला नेमकं काय शिकावं लागतं, आणि ते ठरवतं कोण?" प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर दोन मिनिटांत देता येईल. काही वर्षं तत्त्वज्ञान, काही वर्षं थिऑलॉजी, मग प्रत्यक्ष कामाची उमेदवारी आणि शेवटी दीक्षा. दुसरा भाग मात्र अवघड आहे. "ते ठरवतं कोण?" या तीन शब्दांवरून जर्मन भाषिक प्रदेशात साडेचारशे वर्षं भांडण चाललेलं आहे. त्यात सम्राट पडले, बिशप तुरुंगात गेले, प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. आज त्या भांडणाचाच इतिहास सांगायचा आहे.

आधी दोन-चार शब्द स्पष्ट करून घेऊ. बिशपच्या अधिकाराखालचा मुलूख म्हणजे धर्मप्रांत, त्यातलं एकेक चर्च आणि त्याची वस्ती म्हणजे धर्मग्राम. हे शब्द वसईच्या मंडळींना परिचयाचे आहेत. सेमिनरी म्हणजे भावी धर्मगुरूंनी राहायचं आणि घडायचं घर. तिथे प्रार्थना, शिस्त, वेळापत्रक सगळं आलं. आणि थिऑलॉजी म्हणजे ईश्वराविषयीचं, श्रद्धेविषयीचं पद्धतशीर ज्ञान. त्याला मराठीत धर्मशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मनुस्मृती येते, म्हणून मी थिऑलॉजी हाच शब्द ठेवतो. आता यात मेख अशी की राहण्याचं घर आणि शिकण्याची जागा एकच असावी की वेगळी? घर बिशपचं असणार हे उघड आहे. पण शिकण्याची जागा सरकारी विद्यापीठ असली तर?

ट्रेंटचा ठराव

सोळाव्या शतकापर्यंत धर्मगुरू होण्यासाठी ठरलेला असा अभ्यासक्रमच नव्हता. हुशार आणि सधन मुलगा विद्यापीठात जाई. बाकीचे गावातल्या धर्मगुरूच्या हाताखाली थोडं लॅटिन आणि विधी शिकून, म्हणजे आपल्या भाषेत शागिर्दी करून, दीक्षा घेत. ल्यूथरची चळवळ उभी राहिली तेव्हा या अर्धशिक्षित धर्मगुरूंना लोकांपुढे उत्तरच देता येईना. व्हिटेनबर्गहून शिकून आलेला प्रोटेस्टंट प्रवचनकार बायबल उघडून बोलायचा, आणि समोरच्या माणसाला लॅटिन प्रार्थनेचा अर्थही धड सांगता यायचा नाही.

यावर ट्रेंटच्या धर्मसभेने १५ जुलै १५६३ रोजी ठराव केला: प्रत्येक धर्मप्रांताने आपली सेमिनरी काढावी. मुलगा किमान बारा वर्षांचा असावा, लिहिता-वाचता येणारा असावा, गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावं, श्रीमंतांनी आपला खर्च द्यावा. पुढच्याच वर्षी, १५६४मध्ये, बव्हेरियातल्या आयश्टेटला अशी सेमिनरी निघाली. आल्प्सच्या उत्तरेकडची ती पहिली.

पण सगळीकडे असं झालं नाही. सेमिनरी काढायला पैसा लागतो, शिक्षक लागतात, आणि जर्मन प्रदेशात दोन्हींची चणचण होती. ती पोकळी भरून काढली जेझुइटांनी. रोममध्ये त्यांनी १५५२मध्येच जर्मन विद्यार्थ्यांसाठी कोलेगियम गेर्मानिकुम काढलं होतं. तिथली मुलं लालभडक झगे घालायची आणि रोमचे लोक त्यांना गंमतीने "उकडलेले खेकडे" म्हणायचे. इंगोलश्टाट, डिलिंगेन, व्हिएन्ना, इथल्या विद्यापीठांतही जेझुइट शिकवू लागले. म्हणजे सुरुवातीपासूनच जर्मन प्रदेशात दोन वाटा शेजारीशेजारी आहेत. एक बिशपच्या घराची आणि दुसरी विद्यापीठाची. दोन्हीकडे माणसं चर्चचीच होती, तोवर कुणाला यात अडचण वाटली नाही.

सम्राटाची सेमिनरी

१७७३मध्ये पोपने जेझुइट संघच बरखास्त केला, आणि एका झटक्यात शिक्षणाची ही सगळी यंत्रणा बिनमालकाची झाली. ती उचलली शासनाने.

ऑस्ट्रियात मारिया थेरेसाच्या काळात राउटेनश्ट्राउख नावाच्या बेनेडिक्टाइन मठाधिपतीने थिऑलॉजीचा नवा अभ्यासक्रम आखला. साल १७७४. त्यात त्याने एक नवा विषय घातला, पास्टोरल थिऑलॉजी. म्हणजे धर्मग्रामात गेल्यावर माणसांशी कसं वागायचं, आजाऱ्याकडे कसं जायचं, प्रवचन कसं करायचं, याचं शास्त्र. आणि हा विषय लॅटिनमध्ये न शिकवता मातृभाषेत शिकवायचा. आज जगभरच्या सेमिनरींत हा विषय असतो, आणि त्याचं मूळ या सरकारी आराखड्यात आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे शासनाला बरीच दूषणं देण्याची वेळ येणार आहे.

मारिया थेरेसाचा मुलगा सम्राट दुसरा जोसेफ. सुधारक माणूस, पण सुधारणा हुकमाने करणारा. त्याने १७८३मध्ये बिशपांच्या आणि मठांच्या शाळा बंद करून मोठ्या शहरांत सरकारी "सर्वसाधारण सेमिनरी" काढल्या. व्हिएन्ना, पेस्ट, फ्रायबुर्ग अशा ठिकाणी. त्याच्या दृष्टीने धर्मगुरू हा खेड्यातला शासनाचा सर्वांत जवळचा माणूस होता. तो जन्ममृत्यूची नोंद ठेवतो, शाळेवर लक्ष ठेवतो, लोकांना चार चांगल्या गोष्टी सांगतो. मग त्याला शासनाने का घडवू नये? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण लूव्हेनच्या विद्यार्थ्यांनी १७८६च्या अखेरीस दंगा केला, हे प्रकरण नेदरलंड्समधल्या बंडाच्या कारणांत जाऊन बसलं, आणि जोसेफ वारल्यावर त्याच्या भावाने १७९०मध्ये या सेमिनरी गुंडाळल्या. सात वर्षांत खेळ आटोपला.

ट्युबिंगेन: शेजाऱ्याशी भांडण्याचा फायदा

१८०३मध्ये नेपोलियनच्या दबावाखाली जर्मन राज्यांनी चर्चच्या जमिनी आणि राज्यं खालसा केली. बिशपांकडे पैसा राहिला नाही. आता धर्मगुरूंच्या शिक्षणाचा खर्च सरकारनेच करायचा होता. म्हणून प्रोटेस्टंट राजांच्या राज्यातही कॅथलिक थिऑलॉजीच्या विद्याशाखा निघाल्या. व्यूर्टेम्बर्गच्या राजाने १८१२मध्ये एल्वांगेनला कॅथलिकांसाठी छोटं विद्यापीठ काढलं आणि १८१७मध्ये ते उचलून ट्युबिंगेनला आणलं. १८१८मध्ये प्रशियाने बॉनला विद्यापीठ काढलं, त्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही विद्याशाखा होत्या.

ट्युबिंगेन म्हटलं की आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचे कान टवकारतात. इथल्या प्रोटेस्टंट वसतिगृहात हेगेल, शेलिंग आणि कवी होल्डरलिन एकत्र राहिले होते. अशा गावात कॅथलिक प्राध्यापक येऊन बसले. कॅथलिक मुलं विल्हेल्म्सश्टिफ्ट या वसतिगृहात राहायची, विद्यापीठात शिकायची, आणि शेवटचं वर्ष दीक्षेच्या तयारीसाठी रॉटेनबुर्गच्या सेमिनरीत जायची. घर, विद्यापीठ आणि पुन्हा घर. पुढे जर्मनीत हाच नमुना रूढ झाला.

याचा परिणाम काय झाला? योहान सेबास्टियन ड्राय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८१९मध्ये थिऑलॉजीचं एक त्रैमासिक सुरू केलं. ते आजही निघतं. ड्रायचा विद्यार्थी म्योलर याने १८३२मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सिद्धान्तांची तुलना करणारं "सिम्बोलिक" हे पुस्तक लिहिलं. त्याच गावातल्या प्रोटेस्टंट प्राध्यापक बाउरने वर्षभरात त्याला पुस्तकानेच उत्तर दिलं. वाद इतका पेटला की म्योलर १८३५मध्ये म्युनिकला निघून गेला. पण विचार करा. आपल्या सेमिनरीच्या चार भिंतींत बसून म्योलरने प्रोटेस्टंटांविषयी लिहिलं असतं, तर त्याला प्रोटेस्टंट मूळ ग्रंथ इतक्या बारकाईने वाचावे लागले असते का? दारासमोरून रोज जाणारा माणूस आपलं पुस्तक वाचणार आहे, ही जाणीव लेखकाला फार सुधारते.

माइंत्सचा बिशप

सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. हेसे राज्यात गीसेनच्या विद्यापीठात १८३०पासून कॅथलिक विद्याशाखा होती. तिथले प्राध्यापक लिओपोल्ड श्मिड यांना १८४९मध्ये माइंत्सचा बिशप म्हणून निवडलं गेलं, आणि पोपने ती निवड नाकारली. त्यांच्या जागी आले केटेलर. हे पुढे कामगारांच्या प्रश्नावरच्या लिखाणासाठी प्रसिद्ध झाले. केटेलर यांनी १८५१मध्ये माइंत्सच्या सेमिनरीत शिक्षण पुन्हा सुरू केलं आणि आपल्या विद्यार्थ्यांना गीसेनहून काढून तिकडे नेलं. गीसेनची विद्याशाखा विद्यार्थ्यांविना सुकून गेली. श्मिड तत्त्वज्ञान शिकवू लागले.

केटेलर यांना प्रतिगामी म्हणून मोकळं होता येईल, पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या माणसाच्या हाती मी उद्या माझी माणसं सोपवणार, त्याला कोण काय शिकवतंय यावर माझा काहीच हक्क नाही का? आणि दुसऱ्या बाजूला म्युनिकचे ड्योलिंगर. चर्चच्या इतिहासाचे मोठे पंडित. १८६३च्या कॅथलिक विद्वानांच्या परिषदेत त्यांनी थिऑलॉजीला संशोधनाचं स्वातंत्र्य मागितलं. १८७०मध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धान्त जाहीर झाला, ड्योलिंगर यांनी इतिहासाच्या आधारावर तो मानायला नकार दिला, आणि एप्रिल १८७१मध्ये त्यांना चर्चमधून बहिष्कृत केलं गेलं. त्याच वर्षी म्युनिक विद्यापीठाने त्यांना रेक्टर म्हणून निवडलं! एकाच माणसाला चर्च दाराबाहेर काढतं आणि विद्यापीठ सर्वोच्च खुर्चीवर बसवतं. बॉनच्याही अनेक कॅथलिक प्राध्यापकांनी तो सिद्धान्त नाकारला. बिशपांचा विद्यापीठांवरचा विश्वास उडाला तो इथे.

बिस्मार्कची परीक्षा

आता आजच्या विषयाचा गाभा.

११ मे १८७३. प्रशियात कायदा झाला की धर्मगुरूची नेमणूक हवी असेल तर तीन अटी. एक, आबिटूर, म्हणजे शाळेची अखेरची परीक्षा उत्तीर्ण. दोन, जर्मन विद्यापीठात तीन वर्षं थिऑलॉजी. सरकारमान्य सेमिनरीत शिकण्याची सवलत मोजक्याच ठिकाणी. तीन, सरकारी "संस्कृती-परीक्षा". विषय तीन: तत्त्वज्ञान, इतिहास आणि जर्मन साहित्य.

मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खरं सांगतो, मला आनंद झाला. धर्मगुरूला तत्त्वज्ञान, इतिहास आणि आपल्या भाषेचं साहित्य आलंच पाहिजे! याहून चांगला अभ्यासक्रम मी तरी काय सुचवला असता? पण पुढे वाचत गेलो आणि आनंद ओसरला. परीक्षा घेणार सरकारी समिती. नेमणुकीची सूचना बिशपने सरकारला द्यायची, सरकार आक्षेप घेऊ शकणार. सेमिनरींची तपासणी सरकार करणार. बिशपांनी एकमुखाने नकार दिला आणि मुलांना परीक्षेला बसूच दिलं नाही. सेमिनरींना टाळी लागली. पोझेनचे आर्चबिशप लेडोखोव्स्की आणि कोलोनचे आर्चबिशप मेल्चर्स १८७४मध्ये तुरुंगात गेले. जुने धर्मगुरू वारत होते, नवे नेमता येत नव्हते. सात-आठ वर्षांत प्रशियातले सुमारे पाव धर्मग्राम रिकामे पडले. अंत्यविधीला धर्मगुरू नाही, लग्नाला नाही, आणि परवानगीशिवाय बाहेरचा कुणी येऊन प्रार्थना करेल तर तो गुन्हा.

शेवटी बिस्मार्कनेच माघार घेतली. १८८६मध्ये ही परीक्षा रद्द झाली, सेमिनरी उघडल्या.

मला यातून काय दिसतं ते सांगतो. तत्त्वज्ञान ही उत्तम गोष्ट आहे, पण ती पोलिसाच्या हातून मिळाली की घेणाऱ्याला ती बेडीच वाटणार. कांटने १७९८मध्ये विद्याशाखांच्या भांडणावर एक पुस्तक लिहिलं. त्याआधी चारच वर्षं त्याच्या धर्मविषयक लिखाणाबद्दल प्रशियाच्या राजाने त्याला समज दिली होती आणि कांट गप्प बसला होता. त्या पुस्तकात त्याने थिऑलॉजीची तपासणी करण्याचा अधिकार तत्त्वज्ञानाला मागितला, पण तत्त्वज्ञानाच्या हाती हुकूम नसावा हेही त्यात गृहीत होतं. तत्त्वज्ञानाने प्रश्न विचारायचे. नेमणुका अडवायच्या नाहीत. बिस्मार्कच्या कायद्याने नेमकं हे उलटं केलं.

या प्रकरणाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८७२च्या कायद्याने जेझुइटांना जर्मन साम्राज्यात काम करायला बंदी झाली. मात्र मुंबई-पुण्याचं मिशन १८५०च्या दशकापासून जर्मन जेझुइटांकडे होतं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनी १८६९मध्ये काढलं. म्हणजे ज्यांना आपल्या देशात शाळा चालवायला मनाई, ते इथे धोबीतलावला आपल्या मुलांना शिकवत होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना "शत्रुराष्ट्राचे नागरिक" म्हणून नजरकैदेत ठेवलं आणि परत पाठवलं. तिकडे चर्चचे म्हणून नकोसे, इकडे जर्मन म्हणून नकोसे!

कराराची तडजोड

विसाव्या शतकात हा तिढा कराराने सोडवला गेला. बव्हेरिया १९२४, प्रशिया १९२९, बाडेन १९३२, आणि मग २० जुलै १९३३चा हिटलर सरकारबरोबरचा करार. त्या शेवटच्या करारावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त आहे. पण शिक्षणापुरतं पाहिलं तर त्यातली कलमं जुन्याच तडजोडीची आहेत. धर्मगुरूला आबिटूर हवी. त्यानंतर किमान तीन वर्षांचा उच्च अभ्यास हवा, मग तो सरकारी विद्यापीठात असो, चर्चच्या उच्च विद्यालयात असो की रोममध्ये. सरकारी कॅथलिक विद्याशाखा टिकतील. प्राध्यापक सरकार नेमणार, पगार सरकार देणार, पण बिशपची संमती असल्याशिवाय नेमणूक नाही. १९५७मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने हा करार वैध ठरवला आणि तो आजही लागू आहे.

ही दुहेरी किल्लीची तिजोरी झाली. एकट्याच्या किल्लीने उघडत नाही. याचा उपयोग दोन्ही दिशांनी झालेला आहे.

पहिली दिशा. १९१०मध्ये पोप दहावे पायस यांनी धर्मगुरूंना आधुनिक विचारांविरुद्ध शपथ घ्यायला लावली. जर्मन सरकारी विद्यापीठांत केवळ अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांना मात्र त्यातून सूट मिळाली, कारण शपथ घेतली तर ते विद्यापीठात कोणत्या तोंडाने बसणार? इथे विद्यापीठाच्या छत्राने संशोधकाला वाचवलं.

दुसरी दिशा. नाझी सरकारने म्युनिकच्या कॅथलिक विद्याशाखेत हान्स बारिओन या चर्च-कायद्याच्या प्राध्यापकाला नेमलं. हा नाझी पक्षाचा सभासद. कार्डिनल फाउलहाबर यांनी संमती दिली नाही आणि विद्यार्थ्यांना त्याच्या वर्गाला जाऊ दिलं नाही. सरकारने १९३९मध्ये सगळी विद्याशाखाच बंद केली. त्याआधी १९३८मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक आणि साल्झबुर्गच्या विद्याशाखा गेल्याच होत्या. इथे बिशपच्या किल्लीने शासनाला अडवलं. विद्याशाखा गेली, पण विकली गेली नाही.

क्युंग यांचं प्रकरण

तिसरं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. हान्स क्युंग. स्विस धर्मगुरू, रोमच्या त्याच गेर्मानिकुममध्ये शिकलेले, ट्युबिंगेनचे प्राध्यापक. १९६६मध्ये योझेफ राट्झिंगर यांना ट्युबिंगेनला आणण्यात त्यांचाच पुढाकार होता. तेच राट्झिंगर पुढे पोप बेनेडिक्ट झाले. पोपच्या अचूकतेवर क्युंग यांनी शंका घेतली, आणि १८ डिसेंबर १९७९ रोजी रोमने त्यांची कॅथलिक थिऑलॉजी शिकवण्याची परवानगी काढून घेतली.

पण ते सरकारी प्राध्यापक! नोकरीवरून काढता येईना. तोडगा असा निघाला की क्युंग आणि त्यांची संशोधन संस्था कॅथलिक विद्याशाखेतून बाहेर काढून थेट विद्यापीठाच्या अधिकाराखाली ठेवली. १९९६ला निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. धर्मगुरू म्हणूनही ते राहिले. ड्योलिंगर यांच्या बाबतीत दोन संस्था एकमेकींवर वार करत होत्या. शंभर वर्षांनी त्यांनी एकाच इमारतीत भिंत घालून संसार केला. ही प्रगती म्हणायची की नाही, तुम्ही ठरवा.

उता रांके-हाइनेमान यांची गोष्टही सांगितली पाहिजे. १९७०मध्ये त्या कॅथलिक थिऑलॉजीच्या जगातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९८७मध्ये मेरीच्या कौमार्याबद्दलच्या मतांमुळे त्यांचीही परवानगी गेली. इथे एक गोष्ट पाहा. ज्या विद्याशाखा धर्मगुरूंसाठी काढल्या, तिथे स्त्रिया शिकू लागल्या, शिकवू लागल्या, आणि त्या स्वतः धर्मगुरू होऊ शकत नाहीत. आज या वर्गांत बहुसंख्य मुलंमुली शाळांत धर्म हा विषय शिकवण्यासाठी तयार होणारी आहेत. धर्मगुरू होणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

आज

म्हणूनच जुना प्रश्न नव्या रूपात परत आलाय. विद्यार्थीच उरले नाहीत तर इतक्या सेमिनरी आणि विद्याशाखा कशाला? २०२०मध्ये कोलोनच्या आर्चबिशपांनी एका मिशनरी संघाचं उच्च विद्यालय आपल्या हाती घेतलं आणि कोलोन शहरात आणलं. अर्ध्या तासाच्या आगगाडीच्या अंतरावर बॉनची सरकारी विद्याशाखा दोनशे वर्षं उभी आहे. लगेच वाद सुरू झाला: हे बॉनला पर्याय उभं करणं आहे का? मंडळी, ही गीसेन आणि माइंत्सचीच गोष्ट आहे, नावं बदलून.

चिठ्ठी देणाऱ्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. ते ठरवतं कोण? एकट्याने ठरवायचा प्रयत्न ज्याने केला, तो हरला. जोसेफ सात वर्षांत हरला, बिस्मार्क तेरा वर्षांत. केटेलर यांची सेमिनरी टिकली, पण म्योलरसारखा वाद तिथून उभा राहिला नाही. घरात माणूस श्रद्धा जगायला शिकतो, आणि परक्यांपुढे ती मांडायची वेळ आली की तिच्याबद्दल विचार करायला शिकतो. लोकांच्या मरणाच्या, लग्नाच्या, दुःखाच्या वेळी ज्याला उभं राहायचंय, त्याला दोन्ही आलं पाहिजे. दुहेरी किल्लीची ती तिजोरी गैरसोयीची आहे, कटकटीची आहे, क्युंग आणि रांके-हाइनेमान यांच्यासारख्यांवर तिने अन्यायही केला, असं माझं मत आहे. तरीही दोनपैकी एक किल्ली फेकून द्या असं मी म्हणणार नाही. १९३९चं म्युनिक आठवतं म्हणून म्हणणार नाही, आणि १९१०ची शपथ आठवते म्हणूनही नाही.

पुण्यात नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी आहे. १८९३मध्ये ती सिलोनमध्ये कँडीला निघाली आणि १९५५मध्ये पुण्याला आली. तिथली मुलं सेमिनरीत राहतात आणि शिकायला शेजारच्या ज्ञानदीप विद्यापीठात जातात. ते विद्यापीठ चर्चचंच आहे, सरकारी नाही, तेव्हा जर्मन तिढा तिथे नाही. पण घर वेगळं आणि वर्ग वेगळा, ही मांडणी पाहिली की मला विल्हेल्म्सश्टिफ्टमधून वह्या घेऊन बाहेर पडणारी ट्युबिंगेनची मुलं आठवतात.

वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा. चिठ्ठ्याही चालतील, आजचं व्याख्यान एका चिठ्ठीवरच झालं.